गादीत शिवलेला फोन

धाकटीचं वागणं काही धड नव्हतं, आणि गादीवाल्या बाई ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होत्या.

"पोर सैन्यातून पहिल्यांदा सुट्टीवर आली. म्हटलं चार दिवस लोळेल, आयतं खाईल, तिकडच्या गमती सांगेल. कसलं काय! आल्यापासून फोन कानाला. ताटावर बसली तरी फोन मांडीवर. काही विचारलं की 'हं', पुन्हा विचारलं की 'काही नाही'. एवढ्या दोन शब्दांवर सुट्टी काढायची होती तर तिकडेच राहायचंस म्हणावं!"

गिऱ्हाईक बिचारं उशीत कापूस किती मावेल ते विचारायला आलं होतं. त्याने मान हलवली आणि उशी काखोटीला मारून काढता पाय घेतला.

बाईंच्या जिभेची धार साऱ्या गल्लीला ठाऊक होती. गादीत खडा राहिला म्हणून तक्रार घेऊन आलेला माणूस स्वतःच्या पाठीला नावं ठेवत परत जाई. शाळेत बाई फार गेल्या नव्हत्या. अक्षरं लावत लावत दुकानांच्या पाट्या वाचता येत, तेवढ्यावर त्यांनी नवऱ्यामागे कारखाना चालवला, मुलगा मार्गाला लावला आणि धाकटीला बारावीपर्यंत शिकवलं. ती सैन्यात निवडली गेली तेव्हा बाईंनी पेढीवर बसून सांगितलं नाही असा माणूस उरला नव्हता. "माझी मुलगी बंदूक चालवते," असं म्हणून त्या गिऱ्हाइकाकडे बघत, आणि गिऱ्हाईक घासाघीस आवरती घेई.

आणि आता ही बंदूकवाली मागच्या दाराच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन फोनमध्ये कुजबुजत बसे. शेजारीपाजारी बघत. बाईंच्या जिवाला ते फार लागलं होतं.

कारखाना म्हणजे तशी एक लांबट खोली. एका टोकाला कापूस पिंजायचं यंत्र, मधे गाद्या भरायची मोकळी जागा, दुसऱ्या टोकाला शिवून झालेल्या गाद्यांची थप्पी. हवेत कापसाची भुकटी सदा तरंगती. भुवया, पापण्या, हातावरची लव, सगळं पांढरं. दुपारी त्या खोलीत नुसतं उभं राहिलं तरी माणसाला झोप यावी. कोपऱ्यात मऊ ढीग दिसत असतात आणि काम काही संपत नसतं. सूनबाई दिवसभर खाली वाकून टाके घालायची आणि संध्याकाळी सरळ उभी राहताना एकदा हुंकारायची. बाई त्या हुंकारावरून ओळखत की दिवस संपला.

त्या कारखान्यात एक नियम होता, बाईंच्या सासूपासूनचा. दाभण खाली ठेवायचं नाही. गादी शिवायची लांब सुई ती. कापसात एकदा निसटली तर सापडत नाही, आणि सापडते तेव्हा कुणाच्या तरी पाठीत सापडते. म्हणून दाभण हातातून हातात द्यायचं. पाणी प्यायला उठायचं असेल तर शेजारणीच्या हातात. हाका मारणाऱ्याला थांबवायचं, पण दाभण ठेवायचं नाही. शिवणारीचे डोळे मिटायला लागले तर तिने न सांगता ते पुढच्या हातात द्यायचं. यात लाज नाही, वाद नाही, सबब नाही. धाकटी ते बोलायच्याही आधी शिकली होती.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आपणहून शिवायला बसली. बाईंना बरं वाटलं. जरा वेळाने बघतात तर पोर टाका अर्धा ओढून तशीच थांबलेली. पाठ ताठ, मान ताठ, डोळे उघडे, आणि झोपलेली.

"अगं ए!" बाईंनी तिच्या हातातून दाभण काढून घेतलं. "तिकडे उभ्याउभ्या झोपायला शिकवतात वाटतं?"

"शिकवत नाहीत. येतं आपोआप," धाकटी म्हणाली आणि फोन बघायला उठून गेली.

सूनबाई दोरा दातांनी तोडत म्हणाली, "आई, जरा जास्तच ओढलेल्या दिसतात वन्सं."

"ओढलेली? पाघळलेली म्हण. कोणीतरी आहे तिकडे. माझ्या कानाने ऐकलंय काल. 'मी आहे ना, मी कुठे जात नाही, दुपारी जेवण झालं की फोन करते, वचन.' ही भाषा आईशी बोलतात का? वहिनीशी बोलतात का?"

"प्रेमात पडलेली माणसं एवढी दमलेली नसतात हो."

"तुला गं काय माहीत? माझ्या मुलाकडे बघून तू प्रेमात पडलीस असं नको सांगूस मला. तो माझा आहे, मला माहितेय तो कसा दिसतो."

सूनबाई हसली आणि खाली वाकून पुन्हा टाके घालू लागली. बाईंचं मात्र ठरलं. प्रेम करायला हरकत नव्हती, पण जे प्रेम पोरीला जेवू देत नाही, झोपू देत नाही, ते बाईंच्या घरात चालणार नव्हतं. कोण तो दिवटा, त्याला एक दुपार वाट बघू दे. मरत नाही कोणी एका दुपारीने.

पुढे कितीतरी दिवस बाईंना आपलं हे वाक्य आठवायचं.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या गाद्यांचं काम चाललं होतं. सगळ्या एका मापाच्या, एका पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीच्या. मुलगा टेम्पो घेऊन संध्याकाळी येणार होता. जेवायला बसले तेव्हा सगळेच मुके झालेले, फक्त ताटांचा आवाज. धाकटीने दुसरा घास हातात घेतला आणि तो हातातच राहिला. मान हळूहळू पुढे आली. कपाळ ताटाला लागणार, तोच सूनबाईने ताट ओढलं आणि तिला अलगद भिंतीला टेकवलं. तरी जाग नाही. मांडीवरचा फोन मात्र तिने मुठीत धरलेला.

बाईंनी एकेक बोट सोडवून तो काढून घेतला.

"आई, नको," सूनबाई हलक्या आवाजात म्हणाली.

"गप. झोपू दे तिला."

फोन घेऊन बाई कारखान्यात आल्या. कुठे ठेवावा? समोर एक गादी भरून पडली होती, एका बाजूचं तोंड शिवायचं बाकी. बाईंनी फोन कापसात कोपरापर्यंत सारला. इथे काही त्या पोरीचं लक्ष जायचं नाही. मग दारात कापडवाला आला, गेल्या खेपेचं खोळीचं कापड एका धुण्यातच आटलं होतं, आणि त्याच्याशी भांडण्यात बाईंची दुपार बरी गेली. आत सूनबाईने जेवणाची भांडी आवरली, कारखान्यात आली, गादीचं तोंड उघडं दिसलं ते शिवलं, गादी थप्पीवर टाकली आणि पुढची ओढली.

धाकटी जागी झाली ती ओरडूनच. "वाजले किती?"

सूनबाईने सांगितलं. धाकटीने मांडी चाचपली, सतरंजी उलटली, मग ती कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, फोन."

"मिळेल संध्याकाळी. त्याला म्हणावं, माणसं जेवतात, झोपतात. एक दिवस विरह सोस जरा."

"आई, फोन दे."

बाईंनी वर पाहिलं. पोरीचा चेहरा खोळीच्या कापडासारखा झालेला, धुऊन धुऊन रंग गेलेला. आवाज असा की त्यात रागही नव्हता. रडारड असती तर बाईंना उत्तर सुचलं असतं.

"तो कोणी नाहीये," धाकटी म्हणाली. "ती आहे. माझी तुकडीतली जोडीदार. ती मरायचं म्हणतेय, आई. मी दुपारी फोन करते म्हटलं होतं. तोवर काही करणार नाही असं वचन दिलंय तिने मला. तोवरच."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"गादीत घातलाय," बाई म्हणाल्या.

"कुठल्या? तिचा नंबर त्यातच आहे, मला पाठ नाही."

तिघींनी थप्पीकडे पाहिलं. एका मापाच्या, एका पट्ट्यांच्या, सगळ्या तोंडं शिवलेल्या.

"दाभण कधी खाली ठेवू दिलं नाहीस तू मला," धाकटी म्हणाली. "आणि माझा फोन कापसात टाकलास?"

बाई पदर खोचून थप्पीकडे वळल्या. "सूनबाई, तुझा फोन आण. हिचा लाव. चल."

धाकटीचा फोन आवाज बंद करून ठेवलेला, नुसता थरथरणारा. सूनबाईने यंत्र बंद केलं. बाहेरच्या रस्त्यावरचा आवाज तेवढा राहिला. तिघी थप्पीला कान लावून उभ्या राहिल्या, एक वर, एक मधे, बाई खाली गुडघ्यांवर. कापूस आवाज पिऊन टाकतो. बाईंना काहीच ऐकू येईना.

"पुन्हा लाव."

"लावतेय हो, सारखी लावतेय."

मग बाईंच्या गालाला काहीतरी जाणवलं. आवाज नव्हेच तो, गुणगुण. भिंतीपलीकडे माशी अडकावी तशी. "ही! ही ओढा!" तिघींनी मिळून वरच्या गाद्या ढकलून दिल्या. बाईंनी कात्री घेतली आणि जन्मात जे केलं नव्हतं ते केलं, शिवून झालेली गादी मधोमध फाडली. कात्रीचं टोक त्यांच्याच तळहातात गेलं. कापूस खोलीभर उडाला, थोडा लाल झाला. धाकटीने खांद्यापर्यंत हात घातला आणि फोन बाहेर काढला.

त्यावर न घेतलेले फोन दिसत होते. वहिनीच्या फोनांखाली एकच नाव, खाली खाली खाली.

धाकटीने लावला. वाजत राहिला, आणि बंद झाला. पुन्हा लावला. बाई फाटक्या गादीवर बसल्या, हाताला चिंधी गुंडाळायचंही सुचेना. अजून पाहिलीही नाही अशा एका मुलीचा जीव आपण कापसात कोंबला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"बटण?" धाकटी एकदम म्हणाली. "बटण, मी आहे. मी झोपले गं. जेवता जेवता झोपले. कुठे आहेस तू? ... बुटांच्या खोलीत? ... दार उघड त्या खोलीचं. नुसतं उघडं ठेव. ... हो, रागाव. रागाव माझ्यावर. रागावून बोल."

ती बोलत राहिली. मधेच हसलीसुद्धा, कोणाच्या तरी पायमोज्यांवरून. ते हसू ऐकून बाईंना रडू फुटलं असतं, पण सून समोर होती. संध्याकाळपर्यंतचं नवं वचन घेऊन धाकटीने फोन ठेवला आणि थप्पीला पाठ लावून खाली घसरत बसली.

"हिला बटण का म्हणतात?" सूनबाईने विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"पहिल्याच संचलनाला तिचं बटण तुटलं. तिच्यासाठी आख्ख्या तुकडीला धावायला लावलं. तेव्हापासून."

मग धाकटीने सगळं सांगितलं. एका दमात नाही, मधे मधे डोळे मिटत, धुणं वाळत घालताना बोलावं तशा थकल्या आवाजात.

तिकडे सगळं जोडीने. पलंग शेजारी, बूट शेजारी, एकीची चादर वाकडी तर दोघींना शिक्षा. बटणच्या पायाचं हाड दुखायला लागलं, धावणं जमेना, मागच्या तुकडीत टाकतील अशी कुणकुण लागली. सुट्टीला सगळ्या घरी निघाल्या, ती थांबली. घर म्हणजे काकाचं, आणि सैन्यात जाते म्हटल्यावर काकाने सांगितलं होतं, परत आलीस तर दार उघडणार नाही.

"आणि तुला कसं कळलं?" बाईंनी विचारलं. "तिने आपणहून सांगितलं?"

"मी विचारलं. त्याचा तास असतो ना आम्हाला."

"कसला तास?"

"माणूस जीव द्यायला निघाला असेल तर काय करायचं, त्याचा. नव्या सगळ्यांना असतो. डॉक्टर मॅडम आल्या होत्या. पहाटे धावून आलेलो, सभागृह गरम, अर्ध्या मुली उघड्या डोळ्यांनी झोपलेल्या. मॅडम सांगत होत्या, शंका आली तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून. आडून विचारू नका."

"असं तोंडावर विचारायचं?" बाई ताठ झाल्या. "डोक्यात नसेल तर यायचं की एखादीच्या!"

"नाही येत. त्या म्हणाल्या, विचारल्याने येत नाही, उलट हलकं वाटतं. मग उस्तादबाई उठल्या. आमच्या कवायतीच्या. त्यांना वाटलं, मॅडमना मदत करावी. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि हुकूम सोडावा तसं ओरडून विचारलं, 'कोणाच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत का?' आणि आम्ही सगळ्या ओरडलो, 'नाही, मॅडम!' छपरावरची कबुतरं उडाली. डॉक्टर मॅडमनी कपाळाला हात लावला." धाकटीने डोळे मिटले. "माझ्या शेजारी बटण उभी होती. सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. म्हणून मला शंका आली. ती कधी मोठ्याने बोलत नाही."

सूनबाई सासूच्या तळहाताला चिंधी गुंडाळता गुंडाळता थांबली होती.

"मग धुण्याच्या टाकीपाशी मी तिला विचारलं. मॅडम म्हणाल्या तसं, सरळ. ती म्हणाली, हो. मॅडमनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. विचारा. एकटं सोडू नका. मी दोन्ही केलं."

"आणि तिसरी?"

धाकटीने फोन पालथा केला आणि परत सुलटा केला.

"मी शाळेत गेले नाही फार, पण तीनपर्यंत येतं मला. तिसरी काय?"

"वरच्यांना सांगा. मदत करणाऱ्या माणसाच्या हाती द्या." धाकटीने मान दुसरीकडे केली. "ते नाही करता येत, आई. तुला नाही कळणार. तिकडे वर सांगणं म्हणजे चुगली. चुगलखोर मुलीशी बराकीत कोणी बोलत नाही. आणि बटणला ते घरी पाठवतील. कुठल्या घरी? तिने माझी शपथ घातलीय. मी म्हटलं, मी पहाऱ्यावर आहे. पहाऱ्यावरच्याने जागा सोडायची नसते. मेलं तरी नाही."

"किती दिवस चाललाय हा पहारा?"

"मोजले नाहीत."

"झोपतेस कधी?"

"मघाशी झोपले होते की."

बाईंच्या जिभेवर खूप काही आलं. काकाबद्दल, उस्तादबाईंबद्दल, ज्या सैन्याला कबुतरं उडवता येतात पण पोरीचं पाऊल बघता येत नाही त्याच्याबद्दल. पण तळहात ठणकत होता आणि समोर स्वतःच फाडलेली गादी पडली होती, त्यामुळे त्यांनी ते सगळं गिळलं.

"मी फोन कापसात टाकला," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं, ते राहू दे बाजूला. पण मी टाकला नसता, तुझ्या मांडीवरच असता, तर तुला कळला असता का? ताटात डोकं जात होतं तुझं. वहिनीने ताट ओढलं तेही तुला ठाऊक नाही."

धाकटीने फोनवरचा कापूस पुसला.

"बोल ना. थरथरला असता मांडीवर. उठली असतीस?"

बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"नसते," धाकटी म्हणाली.

"तुमच्यात पहारा देणाऱ्याला झोप आली तर काय करतात? गोळी घालतात?"

"बदली येते. वेळ झाली की दुसरा येतो, मग पहिला जातो."

"आणि नाही आला तर?"

"बोलवायचा." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी तिला जवळ वगैरे घेतलं नाही. त्या घरात तशी पद्धत नव्हती. त्यांनी फक्त चिंधी गुंडाळलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि केसांतला कापूस वेचत बसल्या.

"आधी तिला सांगते," धाकटी शेवटी म्हणाली. "तिच्या पाठीमागे नाही करणार."

"तिलाच आधी सांग."

तो फोन छोटा झाला. पलीकडचं रडणं सूनबाईपर्यंत ऐकू आलं. "चुगलखोर! तूपण तसलीच निघालीस!" एवढे शब्द स्पष्ट, आणि फोन बंद झाला. धाकटीने लगेच दुसरा नंबर लावला, उस्तादबाईंचा. लावता लावता उठून उभी राहिली. टाचा जुळवल्या. कापसाच्या ढिगात, पायांत घरातल्या चपला, पोर ताठ उभी.

"मॅडम, जय हिंद नाही, काही नाही, आधी ऐका," असं काहीतरी चुकीचं बोलून ती थांबली आणि मग नीट बोलली. नाव, खोली, पायाचं दुखणं, काका, आणि ते वाक्य, जसं होतं तसं, सरळ.

पलीकडून कवायतीत ओरडून बसलेला उस्तादबाईंचा घोगरा आवाज आला, पण हळू. "फोन ठेवू नकोस. मी निघाले."

मग नुसती पावलं ऐकू आली. बुटांची, आधी फरशीवर, मग खडीवर, मग धावती. बाई धाकटीच्या खांद्याला कान लावून ऐकत होत्या. एक दार. दुसरं दार. उस्तादबाईंचा धापा टाकणारा आवाज कोणाला तरी म्हणाला, "सरक. मला बसू दे. बूट राहू देत ते." आणि मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. कुणीतरी हुंदके देत होतं आणि कुणीतरी शेजारी बसलं होतं, एवढं मात्र कळत होतं.

"आहे माझ्याजवळ," उस्तादबाई शेवटी फोनमध्ये म्हणाल्या. "डॉक्टर मॅडमना बोलावलंय. आज ती एकटी राहणार नाही, उद्याही नाही."

"तिला घरी पाठवाल का, मॅडम?"

"आधी डॉक्टर. मग पाय. ती तुझ्याच तुकडीत राहील असं वचन मी देणार नाही, माझ्या हातात नाही ते. पण त्या काकाच्या दारात तिला नेऊन सोडायचं तर आधी माझ्याशी गाठ आहे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी सगळ्यांना उभं करून विचारलं. तसं नको होतं विचारायला."

"हो, मॅडम," धाकटी म्हणाली. सवयीने आलं ते तोंडात, आणि मग घाबरून तिने जीभ चावली.

"बरं. आता तू. तुझ्याजवळ कोण आहे?"

"आई आहे. वहिनी आहे."

"मग झोप," उस्तादबाई म्हणाल्या, आणि तो मात्र हुकूम होता.

टेम्पो आला तेव्हा मुलाने फाडलेली गादी बघितली, आईच्या हाताची चिंधी बघितली आणि शहाण्यासारखं काही विचारलं नाही. टेम्पोत एक गादी कमी भरली. सूनबाईने कापूस गोळा करून पुन्हा खोळीत भरायला घेतला आणि पाठ सरळ करताना हुंकारली, पण आज बाईंनी त्यावरून दिवस संपला असं धरलं नाही.

फोन थरथरला. धाकटीने बघितलं आणि आईपुढे धरला, मग लक्षात येऊन वाचून दाखवला. "'डॉक्टर मॅडम आल्यात. उस्तादबाई अजून बसल्यात, उठतच नाहीत. मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.'"

"बोलली की," बाई म्हणाल्या. "रुसायला जीव लागतो. तेवढा आहे अजून तिच्यात."

धाकटी उभ्या जागी डुलत होती. पायांखालची जमीन कुठे आहे ते चाचपडत असल्यासारखी. तरी फोन मुठीत घट्ट. बाईंनी भिंतीकडची नवी गादी पायाने उलगडली, वर उशी टाकली आणि तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, चिंधी बांधलेला हात पुढे करून.

"ऐक आता. आल्यापासून तू वाईट वागलीस, ते काही मी मागे घेत नाही. ताटावर फोन, आईला 'हं', आणि एवढा मोठा भार एकटीने उचलून मिरवायचा हा तोरा तुला कुठून आला ते मला माहितेय, माझ्याकडूनच आला, म्हणून जास्त राग येतो. मैत्रिणीला सरळ तोंडावर विचारलंस, ते मला जमलं नसतं. पण तिसरी गोष्ट आजपर्यंत लांबवलीस, तिथे चुकलीस. चुगली नाही ती. चुगली करणारा असा दमत नाही. आता तो फोन दे इकडे. खाली ठेवू नकोस, हातात दे माझ्या. वाजला तर मी उचलेन, आणि त्या पोरीला बोलायचं नसेल तर मी बोलेन, मला विषय लागत नाही. झोप."